घरात शिळं नको

आमच्या कॉलनीत ओला आणि सुका कचरा वेगळा द्यायचा नियम आला, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आमच्या घरातून किती अन्न बाहेर जातं.

त्याआधी सगळं एकाच काळ्या पिशवीत जायचं. कागद, विंचरलेले केस, दुधाच्या पिशव्या, कांद्याची सालं, आणि त्या सगळ्याच्या खाली जे असायचं ते. पिशवीला गाठ मारली की विषय संपला. मग एक दिवस घंटागाडीवाल्यानं आमची पिशवी उचललीच नाही. "मॅडम, वेगळं करा, नाय तर मी नेत नसतो," म्हणाला. मी संध्याकाळी कंपनीतून येताना बजाजनगरच्या चौकातून झाकणाची एक हिरवी बादली आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उचलली तर हाताला चांगलीच जड लागली. झाकण काढलं. वर चहाचा चोथा होता. तो बाजूला केला तर खाली भाकरी. पाच अख्ख्या आणि एक अर्धी. त्यांच्याखाली मेथीची भाजी आणि वाटीभर वरण.

कुणी टाकल्या हे विचारायची गरज नव्हती. आमच्या घरात भाकरी आईच करायची आणि टाकायचीही तीच.

वडील गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. भाऊ करमाडला असतो, शेंद्र्याच्या एका कंपनीत कामाला आहे. मुलगा असताना लेकीकडे कशाला, असं काही नातेवाईक म्हणाले, पण मी आणि नवरा दोघंही नोकरीला, मुलगा तेव्हा शाळेत, आणि आईला माझ्या घरात करमायचं. पहिल्याच आठवड्यात तिनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. मला बरंच झालं. सकाळी साडेसातला कंपनीची बस यायची, तेव्हा डबा हातात तयार असायचा.

आई कुठलीच गोष्ट वाया घालवणारी नव्हती. साबणाचे संपत आलेले तुकडे एकमेकांना चिकटवून ती नवी वडी करायची. दोन विरलेल्या साड्यांचे चांगले भाग जोडून दंड घालायची. मिठाईच्या खोक्याची दोरीसुद्धा गुंडाळून ठेवायची. पण अन्नाच्या बाबतीत तिचे दोन नियम होते आणि ते कुणी मोडलेले तिला चालायचे नाहीत. एक म्हणजे सगळ्यांची जेवणं झाली तरी टोपल्यात भाकरी दिसली पाहिजे. दुसरा, रात्रीचं अन्न सकाळी घरात दिसता कामा नये.

मुलगा पुण्याला शिकायला गेला आणि घरात आम्ही तिघंच उरलो. आईचं पिठाचं माप मात्र तेच राहिलं.

योगायोग असा, की त्याच सुमारास आमच्या कंपनीत कॅन्टीनची कमिटी झाली आणि तिच्यात माझं नाव घातलं. ताटं रिकामी करायच्या पिंपाशेजारी एक फळा लावला होता. त्या दिवशी किती अन्न फेकलं गेलं ते त्यावर लिहायचं. आठवड्यातून दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत मी तिथं उभी राहायची आणि पोरांना गोड बोलून सांगायची, "दादा, पहिल्यांदा थोडंच घ्या, लागलं तर परत या." काही जण लाजायचे, काही जण हसून निघून जायचे. आणि त्याच दिवशी सकाळी मी घरातून भरलेली बादली घंटागाडीत ओतून आलेली असायची. याची मला लाज वाटायला लागली.

"आई, तिघांना बारा भाकरी कशाला?" मी एका संध्याकाळी विचारलं.

"कुणी आलं तर?"

"कोण येतंय आपल्याकडं रात्रीचं?"

"येत नाय म्हून करायच्याच नाय का?"

मग मी उरलेलं फ्रिजमध्ये ठेवायला लागले. सकाळी बघावं तर डबे धुऊन पालथे घातलेले असायचे. एका शनिवारी रात्री मी हट्टानं चार भाकरी कपड्यात गुंडाळून कपाटात लपवल्या आणि रविवारी सकाळी त्यांचा कुस्करा केला. कांदा, लसूण, शेंगदाणे, वरून कोथिंबीर. नवऱ्यानं दोनदा मागून घेतला. "आई, मस्त झालाय, थोडा घ्या," तो म्हणाला. आईनं नाकाला पदर लावला, उठून बाहेर पायरीवर जाऊन बसली आणि ताटं धुऊन होईपर्यंत आत आली नाही. दुपारपर्यंत तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. मला राग आला. म्हातारपणाचा हेका आहे, दुसरं काय, असं मी नवऱ्याजवळ बोलले.

आमच्याकडे भांडी घासायला एक बाई यायच्या. मी त्यांना ताई म्हणायची. कन्नडकडच्या. माहेर-सासर दोन्हीकडे मेंढरं. सासरे अजूनही कळप घेऊन हिंडायचे. नवरा-बायको कंपनीच्या कामासाठी इकडं आलेले, नवरा ठेकेदाराकडे लागलेला आणि ताई चार घरची भांडी करायच्या. हात लई चपळ आणि बोलणं कमी. सकाळी पावणेसातला त्या यायच्या तेव्हा आई विहारात वंदनेला गेलेली असायची.

एक दिवस मला सुचलं. रात्री जेवणं झाल्यावर आईच्या आधी मीच मागचं आवरायला लागले. उरलेली भाजी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, भाकरी पिशवीत, आणि ते सगळं फ्रिजमध्ये दुधाच्या मागे. सकाळी ताईंच्या हातात दिलं.

"ताई, हे घेऊन जा. चांगलं आहे. रात्रीचंच आहे."

त्यांनी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "व्हय मॅडम," म्हणाल्या आणि डबा पिशवीत ठेवला.

रोजचं झालं मग ते. बादली हलकी झाली. मला इतकं बरं वाटलं की मी कमिटीच्या बैठकीतही सांगितलं. घरी उरलेलं अन्न कामवाल्या बाईंना द्या, कुणाच्या तरी पोटात जातं. दोघी-तिघींनी माना डोलावल्या आणि आपापल्या घरी तसंच सुरू केलं. त्यांच्यातली एक दुसऱ्या दिवशी मला मुद्दाम येऊन म्हणाली, "छान आयडिया दिलीत हो." मी दिवसभर त्या शब्दांवर खूश होते.

घरी वेगळाच घोटाळा झाला. रात्री टोपलं रिकामं दिसायला लागलं, तसं आईला वाटलं की आम्ही आता पोटभर जेवायला लागलो. "आता कसं अंगी लागंल," ती म्हणाली आणि तिनं आणखी दोन भाकरी वाढवल्या. मला खरं सांगता येईना. मी मोठे डबे काढले.

एका सकाळी आई विहाराच्या अर्ध्या वाटेवरून परत आली. गुडघा धरला होता. मी ताईंच्या हातात डबा देत होते, आणि आई दारात उभी.

"काय हाय त्यात?" तिनं विचारलं.

"काही नाही. थोडी भाजी."

आईनं चप्पलसुद्धा काढली नाही. तशीच आत आली, ताईंच्या हातातून डबा घेतला, झाकण उघडलं आणि वास घेतला.

"रातीचं हाय हे."

"उरलं होतं. ताईंना दिलं."

"तू खाल्लंस का यातलं सकाळी?"

माझ्या डब्यात तिनंच पहाटे केलेली ताजी गवारीची भाजी होती.

"म्हंजे तुला ताजं," आई म्हणाली, "अन् हिला हे."

"आई, वाया जातं म्हणून दिलं. मातीत घालण्यापेक्षा..."

"मातीत घाल. वाया जाऊ दे. माणसाच्या हातात नको देऊस."

तिचा आवाज चढला नव्हता. ताई भांड्यांच्या घमेल्याजवळ उभ्या होत्या, कोपरापर्यंत साबण. "आजी, ऱ्हाऊ द्या," एवढंच म्हणाल्या. हात धुतले, पदराला पुसले आणि निम्मी भांडी तशीच ठेवून निघून गेल्या.

मग मी बोलले. इतक्या दिवसांचं साठलेलं एकदम बाहेर आलं. "तूच ढीगभर करतेस म्हणून उरतं. बोलणी मात्र मी खायची. अन्न टाकून द्यायची एवढी श्रीमंती आपल्याला कधी आली गं?"

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि मला लगेच कळलं की ते बोलायला नको होतं. आईनं डबा ओट्यावर ठेवला. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला सोपं गेलं असतं. खाली बस आली, हॉर्न वाजला, मी तशीच निघाले.

संध्याकाळी आले तेव्हा तिची पिशवी भरलेली होती. "मला करमाडला सोड," म्हणाली. दुसऱ्या दिवशी भाऊ येऊन तिला घेऊन गेला. त्यानं काय झालं म्हणून विचारलं, तर आईनंच सांगितलं, "काय नाय. हवापालट."

त्यानंतरचे दिवस मी मोजून स्वयंपाक केला. दोघांना चार पोळ्या, एक भाजी. ओल्या कचऱ्याच्या बादलीत नुसती सालं. मला जे हवं होतं ते अगदी झालं होतं. नवरा ताटाकडे बघून म्हणायचा, "घरात कुणी नसल्यासारखं वाटतंय." मी त्याला गप्प केलं, पण मलाही तेच वाटत होतं.

ताई दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या आणि काहीच झालं नसल्यासारख्या भांडी घासायला बसल्या. मी चहा केला आणि कप घेऊन त्यांच्याशेजारी पाटावर बसले.

"ताई, आई त्या दिवशी तुमच्यावर चिडली नव्हती. माझ्यावर चिडली होती. तुमचं अन्न हिसकावून घेतल्यासारखं झालं, त्याचं वाईट वाटलं मला."

त्यांनी कढई विसळली, पालथी घातली. मग म्हणाल्या, "मॅडम, खरं सांगू का? राग नका मानू."

"सांगा ना."

"मी ते घरी नेतच नव्हते."

मला आधी समजेना. "मग?"

"तो मागचा मोकळा प्लॉट हाय ना, तिथं टाकायचे. कुत्रे असत्यात, डुकरं असत्यात. डबा नळावर धुवून आणायचे."

"रोज?"

"व्हय."

"मग मला नको म्हणायचं ना."

"कसं म्हणणार? तुम्ही चांगल्या मनानं द्यायलात. नको म्हणलं तर म्हणाल, लई ताठा हाय हिला. काम गेलं मग?" पुढचं भांडं ओढत त्या म्हणाल्या, "आमच्या बापाची दोन कुत्री होती मेंढरांबरुबर. माझी माय त्यांच्यासाठी बी ताज्या भाकरी थापायची. माझ्या लेकरांना मी दुसऱ्याच्या घरचं रातीचं नाय घालू शकत. गरीब हाय, पर ते नाय व्हत मला."

चहा त्यांनी घेतला. मी मात्र माझा कप तसाच उचलून आत नेला. इतके दिवस मी वाचवलेलं अन्न घरापासून शंभर पावलांवर मातीतच जात होतं. फक्त ते तिथं नेऊन टाकायचं कामही मी त्यांच्यावर लादलं होतं, पिशवीत घालून, वर 'व्हय मॅडम' म्हणायला लावून.

कंपनीत गेल्यावर मी त्या दोघी-तिघींना गाठलं. म्हटलं, मी जे सांगितलं होतं ते बरोबर नव्हतं, कामवाल्या बाईंना आवडतं का ते एकदा विचारा. त्यातली एक हसली. "आमची तर आनंदानं नेते हो." मी म्हटलं, माझीही आनंदानं न्यायची. तिला ते नीट कळलं नाही, आणि मला त्यापुढे सांगता आलं नाही. कॅन्टीनच्या त्या फळ्याजवळ उभं राहायचं मी पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणाला तरी दिलं.

रविवारी मी करमाडला गेले. शहरातल्या बस स्थानकावरून जालन्याची बस धरली. वाटेत मनाशी जुळवत होते, आईची माफी कशी मागायची. भावाच्या घरी पोचले तेव्हा आई मागच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. वहिनीनं चहा दिला आणि ती दुकानात गेली. मीही शेंगा सोलायला घेतल्या. मग मी तिला ताईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं, मोकळा प्लॉट, कुत्री, नळावर धुतलेला डबा.

"टाकणारच," आई म्हणाली. "मी बी टाकलं असतं. मला तेवढी सवड नव्हती."

"म्हणजे?"

तिनं सुपातल्या शेंगा एका बाजूला सारल्या. आणि मग तिनं सांगितलं.

तिचं गाव कन्नडच्या बाजूचं. गावात तिच्या माहेरच्या घराण्याकडे गावकीची कामं होती. सांगावा पोचवायचा, चावडी झाडायची, मेलेलं जनावर ओढायचं. त्याच्या बदल्यात संध्याकाळी घरोघर फिरून भाकरी आणायच्या. हे मला माहीत नव्हतं असं नाही. भाषणांत ऐकलं होतं, कॉलेजात वाचलं होतं. पण ते मला आपल्या समाजाचा इतिहास म्हणून माहीत होतं. आईचं म्हणून माहीत नव्हतं.

"धम्म घेतला तवा मोठ्या माणसांनी ठरवलं, आता कुणाच्या दारात जायचं नाय," आई म्हणाली. "बाकीची घरं थांबली बी. पर माझा बाप कामासाठी गाव सोडून गेलेला, त्याचा पत्ता नाय. घरात दाणा नाय. ठरवलं म्हून काय चूल पेटती का? माझी माय अंधार पडताना जायची, आपल्याच लोकांना दिसू नये म्हून. पदराखाली झाकून आणायची. मग ती बाळंत झाली अन् तो आठवडा मी गेले. आठ वर्षांची असंन."

"तू कधी सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं त्यात?" तिनं एक शेंग उचलली, सोलली नाही. "एक मोठं घर होतं. त्यांची पोरगी माझ्या वर्गात. ती आत बसायची, आम्ही पोरं दाराशी, पर वर्ग एकच. मी दारात हाक मारली तर ती जेवायला बसलेली. तिच्या मायनं आतूनच सांगितलं, दे तिला. ती पोरगी उठली, तिच्या हातातलीच भाकर होती ती. वरून टाकली मी पुढं धरलेल्या वट्यात. त्या भाकरीवर दात उमटले होते तिचे. पुढचा एक दात पडलेला होता तिचा, ती फट बी दिसत होती."

मी शेंगा सोलायची थांबले.

"मग?"

"मग काय. घरी आणली. मायनं तेवढा तुकडा तोडून सोता खाल्ला अन् बाकीची आम्हाला वाटून दिली. दुसऱ्या दिवशी शाळेत ती पोरगी माझ्याकडं बघून हसली. वाईट नाय हसली. वळखीचं हसली. मी त्या दिवसापासून शाळेत गेले नाय."

आई दुसरी शिकलेली, एवढंच आम्हा भावंडांना माहीत होतं. शाळा का सोडली असं मी लहानपणी विचारलं की ती म्हणायची, डोकं नव्हतं मला. मी ते खरं मानलं होतं. तिच्या पुढ्यात पुस्तक घेऊन अभ्यास करताना, तिला कागदावर सही कुठं करायची ते बोटानं दाखवताना, मी ते खरं मानलं होतं.

"त्या पोरीची काय चूक नव्हती," आई म्हणाली. "चांगल्या मनानंच दिली असंल. तुझ्यासारखीच."

ती हे मला लागावं म्हणून बोलली नव्हती. तरी ते लागलं आणि अजून लागलेलंच आहे. श्रीमंती कधी आली म्हणून मी तिला विचारलं होतं. आता मला दिसत होतं की टोपलं रिकामं होऊ द्यायचं नाही हे तिला तिच्या भुकेनं शिकवलं होतं, आणि शिळं घरात ठेवायचं नाही हे त्या दारानं. दोन्हीच्या मध्ये जे उरायचं ते रोज आमच्या बादलीत जायचं, आणि मी बादलीच बघत बसले होते.

मी माफी मागितली. नीट मागता आली नाही. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता. शेंगा सोल, अंधार पडंल."

आणखी आठ-दहा दिवसांनी ती परत आली. आल्या आल्या मी विषय काढला नाही. तिनंच काढला. परात समोर घेऊन बसली आणि म्हणाली, "तुझं बी खरंय. कुणी तरी कष्टानं पिकवलेलं असतंय. टाकताना मला बी बरं वाटत नाय."

मी म्हटलं, "आपण रोज सकाळी विचारू, कोण किती खाणार. तेवढ्याच कर."

तिला ते अजिबात पटलं नाही. "माणसाला किती खाणार म्हून इचारायचं? जेवायच्या आधी? मोजून घालायचं मग ताटात?" दोन दिवस ती त्याच विचारात होती. मग एका संध्याकाळी पीठ चाळता चाळता म्हणाली, "पीठ शिळं होत नाय."

त्यातून तिनंच रस्ता काढला. सहाच भाकरी थापायच्या. पिठाचा डबा आणि परात ओट्यावर तशीच, तवा गॅसवर तसाच. कुणाला आणखी लागली तर लगेच एक मूठ पीठ मळून गरम थापून द्यायची. त्यामुळे कुणी उपाशी उठायचं नाही आणि काही उरायचंही नाही. मेथीची जुडी आणली तर निम्मी निवडून कागदात गुंडाळून ठेवायची. वरण रात्री करायचंच नाही. सकाळचं केलेलं दुपारपर्यंत संपवायचं, ते ती शिळं मानत नव्हती.

हे जमलं, पण सांगायला जितकं सोपं वाटतं तितकं सोपं झालं नाही. पहिल्या आठवड्यात नवऱ्यानं सहज आणखी एक भाकरी मागितली, तर आई गुडघ्यावर हात ठेवून उठली, "थांबा, देते," म्हणत. त्याला ते बघवलं नाही. नंतर तो मागायचाच बंद झाला. मला वाटतं काही दिवस तो थोडा उपाशीच उठत होता. मग मी थापायला शिकले. पन्नाशीच्या जवळ आल्यावर. माझ्या भाकरीला कडेनं चिरा पडतात, ती आईच्या भाकरीसारखी फुगत नाही. आई शेजारी उभी राहून बघते आणि म्हणते, "पाणी गरम घे."

रात्रीचं काही उरलंच तर ती अजून टाकते. मी आडवी येत नाही. एखाद्या दिवशी ती उठायच्या आधी मी रात्रीची अर्धी भाकरी चहात बुडवून खाऊन टाकते आणि कप लगेच धुऊन ठेवते. तिच्यापासून लपून आपल्याच घरात खाताना मला विचित्र वाटतं. पण टाकवतही नाही आणि तिच्यासमोर खाववतही नाही.

ताईंना आईनं परत आल्यावर स्वतः बोलावून बसवलं होतं. सकाळी आमच्यासाठी झालेले गरम पोहे दोन ताटल्यांत घेतले, एक त्यांच्यापुढे ठेवली आणि एक घेऊन स्वतः समोर बसली. ताईंनी खाल्ले. आजी, चव चांगली हाय, म्हणाल्या. त्यानंतर आई रोज थांबवायची आणि त्या कधी थांबायच्या, कधी घाई आहे म्हणायच्या. दीड-दोन महिन्यांनी त्यांनी काम सोडलं. लांब पडतं, एवढंच कारण दिलं. त्यांची खोली होती तिथंच होती. मी विचारलं नाही. ज्या बाईला आपण इतके दिवस खोटं वागायला लावलं, तिच्याकडून खरं कारण मागायचा मला हक्क वाटला नाही. आई मात्र दोन दिवस म्हणत होती, "मी त्या दिवशी हिच्यादेखत बोलायला नको होतं. तिची बी लाज काढली मी."

मध्यंतरी त्या मला बाजारात भेटल्या. हातात मिरच्यांची मोठी पिशवी होती. मला बघून थांबल्या, आजीच्या गुडघ्याचं विचारलं. मी म्हटलं, दुखतोच, पण भाकरी सोडत नाही. त्या हसल्या. आता एका मेसमध्ये पोळ्या लाटायला जातात, कंपनीतल्या पोरांचे डबे असतात, म्हणाल्या.

"जमतंय का?" मी विचारलं.

"काम बरं हाय. बसून हाय." मग पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत म्हणाल्या, "पर लई उरतं मॅडम तिथं. लई. डबे निम्मे परत येत्यात."

"काय करतात त्याचं?"

"पहिल्या दिवशी मालकीण म्हणली, घेऊन जा घरी. मी सरळ नाय म्हणलं."

"मग काही बोलल्या का त्या?"

"काय बोलणार?" ताई म्हणाल्या. "नाय म्हणलं की झालं."

त्यांची रिक्षा आली. त्या मागच्या सीटवर दोन बायकांच्या मध्ये सरकून बसल्या, पिशवी मांडीवर घेतली, आणि रिक्षा निघाली.